डबी बरोबर न्या



भोपाळच्या कारखान्यात काय तयार होत होते? सेविन, म्हणजे कार्बारिल. कपाशीच्या बोंडअळीवर, ज्वारीच्या कणसावरच्या किडीवर आपण मारायचो तेच. कृषी महाविद्यालयात आम्ही त्याची शिफारस पाठ केली. भोपाळचे नाव त्या पुस्तकात नव्हते.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या टाकीत पाणी शिरले आणि चाळीसेक टन मिथिल आयसोसायनेट उफाळून झोपलेल्या वस्तीवर पसरले. टाकी थंड ठेवणारे यंत्र जूनपासून बंद. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली. १९८१ साली तिथेच फॉस्जीनने एक कामगार मेला होता, म्हणजे इशारा मिळाला नव्हता असेही नाही.

यंत्रांचे इंजिनियर पाहून घेतील. आम्हाला डाचते ते दुसरेच. तोंडावर ओला फडका धरा, एवढे जरी वस्तीला आधी सांगितले असते तरी कितीतरी जीव वाचले असते. वायू कोणता, उपचार काय, हे डॉक्टरांनाही कुणी धड सांगितले नाही.

आणि २०१७ साली यवतमाळात? फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. डबीतल्या कागदावरची अक्षरे आम्हा पदवीधरांनाही भिंगाशिवाय वाचता येत नाहीत, मग मजुरीने फवारणाऱ्याने काय वाचावे?

लेबल मोठ्या मराठी अक्षरांत हवे, फवारणीच्या हंगामाआधी प्रत्येक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिन हवे. ही मागणी जिल्हा बैठकीत मांडायची आहे. तोवर कुणाला विषबाधा झालीच तर रोग्याबरोबर औषधाची डबीही दवाखान्यात न्या.