पत्रा कापायच्या आधी

गेले दोन महिने मी संध्याकाळी घरी सापडत नाही, ही बातमी बायकोने सासरी-माहेरी सगळीकडे पोचवलेली आहेच. तर मंडळी, मी शेजारच्या गॅरेजमध्ये असतो. १९६७ सालच्या शेव्हरले कॅमारोच्या खाली, पाठीवर उताणा.

गाडी शेजाऱ्याची. आयुष्यभर मोटारीच्या कारखान्यात राबून निवृत्त झालेला माणूस, इथे मिशिगनमध्ये असे गल्लोगल्ली भेटतात. आता गाडी त्याची मुलगी चालवते, आणि चालवते म्हणजे अ‍ॅन आर्बरच्या दक्षिणेला मिलन नावाचं गाव आहे तिथल्या ड्रॅग स्ट्रिपवर पळवते. (स्पेलिंग अगदी आपलं 'मिलन', पण म्हणायचं 'मायलन'.) घरच्यांसाठी सांगतो: ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, की संपलं. आईने फोनवर विचारलं, "मग परत येतात का?" येतात गं, बाजूच्या रस्त्याने, हळूहळू. :)

वाद सुरू झाला तो मागच्या सस्पेन्शनवरून. गाडीत तिने तगडं इंजिन बसवलंय, मूळचं ३२७ चं इंजिन तळघरात गोधडीत गुंडाळून ठेवलंय. पण हिरवा दिवा लागला की गाडी पुढे जायच्या आधी मागची चाकं थडथड उड्या मारायची. मुलीचं म्हणणं होतं, मागचा भाग कापायचा, पाटे फेकायचे आणि वेल्डिंग करून फोर-लिंक बसवायची. बाप गप्प. मला विचारलं, कारण मी 'इंजिनियर'. मी सॉफ्टवेअरवाला आहे हे इथेही कुणाला पटत नाही आणि कराडलाही पटत नाही.

माझं मत मी तेव्हाच दिलं आणि आजही तेच आहे: नक्की काय वाकतंय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुन्या गाडीला ग्राइंडर लावू नये. चार बोल्ट काढले की पूर्वीसारखी होईल, अशा उपायांनी आधी जिथवर जाता येतं तिथवर जावं. कापलेला पत्रा परत जोडता येतो, पण तो मग त्या गाडीचा राहत नाही.

आता दुखणं काय ते सांगतो. १९६७ च्या कॅमारोला मागे दोन्ही बाजूंना कमानपाटे आहेत, आणि प्रत्येक बाजूला पाटा एकच! हे बाबांना सांगितलं तर ते फोनवर हसायलाच लागले. बाबांची उभी हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली, तिथे पाट्यांची चळत असते. म्हणाले, "अरे, एकच पाटा? मग तो पिळणारच. आधी यू-बोल्ट ताणलेत का बघ." दोन ढिले निघाले. असो.

पिळणारच म्हणजे असं. इंजिन ताकद पाठवतं, मागची चाकं पुढे फिरू पाहतात, आणि त्याच वेळी आख्खं अ‍ॅक्सल उलट्या दिशेला फिरू पाहतं. त्याचं नाक, म्हणजे जिथे प्रॉपेलर शाफ्ट येऊन मिळतो तो भाग, वर उचललं जातं. पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर वाकतो, मागचा खाली, आणि पाट्याचा इंग्रजी 'एस' होतो. मग पाटा झटक्याने सरळ होतो, चाक क्षणभर सुटतं, परत पकडतं, परत पाटा वाकतो. हीच ती थडथड. शेव्हरलेलाही हे कळलं होतं. १९६८ च्या मॉडेलला त्यांनी एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर अ‍ॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला, आणि जोरदार इंजिनांच्या गाड्यांना अनेक पाट्यांची कमान दिली. क्रायस्लरवाले तर आणखी हुशार. त्यांच्या कमानीत अ‍ॅक्सल मधोमध नसून पुढे सरकवलेलं असतं. पुढचा तुकडा आखूड, म्हणून तो सहजी वाकत नाही. वर अ‍ॅक्सलच्या नाकासमोर एक रबरी ठोकळा, की नाक वर आलं तर तिथेच अडेल.

आणखी एक भानगड. शाफ्ट फिरताना अ‍ॅक्सलला आडवंही पिळतो, त्यामुळे उजवं चाक हलकं होतं आणि डावं दाबलं जातं. म्हणून जुने लोक उजव्या बाजूची कमान जास्त कडक ठेवतात.

हे सगळं मी वाचून सांगितलं, पण मुलीला पटलं ते वाचून नाही. गॅरेजसमोरच्या वाटेवर मी फोन जमिनीवर ठेवला, पाट्यावर खडूने रेघ मारली, आणि तिने गाडी सोडली. स्लो मोशनमध्ये ती रेघ सापासारखी वळली. बापाने तीनदा पाहिलं. चाळीस वर्षं गाडी त्याच्याकडे आहे आणि हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

मग आम्ही काय केलं? पुढच्या कानातलं कुजलेलं रबर बदललं. यू-बोल्ट नवे. आणि कॅल-ट्रॅक्स म्हणून मिळतात त्या सळया बोल्टने बसवल्या. युक्ती साधी आहे: अ‍ॅक्सलचं नाक वर जायला लागलं की अ‍ॅक्सलचा तळ पुढे सरकतो, तो सळईला ढकलतो, सळई पुढच्या कानापाशी असलेल्या बिजागरीसारख्या तुकड्याला फिरवते, आणि तो तुकडा पाट्याला वरून दाबून धरतो. जो जोर पाटा पिळत होता, तोच आता त्याला सरळ ठेवतो आणि चाक रस्त्यावर दाबतो. गंमत म्हणजे या सळयांबरोबर पळणारे कित्येक जण मुद्दाम एकपाटी कमानच वापरतात. म्हणजे ज्या पाट्याला आम्ही शिव्या घालत होतो तो बिचारा निर्दोष होता.

स्ट्रिपवर पहिल्या ६० फुटांची वेळ वेगळी मोजतात. सगळा जीव तिथे असतो, तिथे वाचवलेला एक दशांश सेकंद शेवटी दीड-दोन दशांश होऊन परत मिळतो. तिची ६० फुटांची वेळ २.०५ होती, ती १.८० वर आली. पाव मैल १२.९ वरून १२.५. इंजिनाला हात लावला नाही, पत्रा कापला नाही.

म्हणून मी जिंकलो का? नाही हो. चाक घसरत होतं तोवर ते एक प्रकारे फ्यूजचं काम करत होतं. आता ते घसरत नाही, तर जोर पुढच्या दुबळ्या कडीवर जाणार, आणि ती कडी म्हणजे तिचं मूळचं दहा बोल्टवालं अ‍ॅक्सल. नियम मागो न मागो, प्रॉपेलर शाफ्टखाली लोखंडी कडं मी हट्टाने बसवायला लावलं. शाफ्ट पुढून तुटून जमिनीत रुतला तर काय होतं, हे बाबांनी घाटात पाहिलंय.

शिवाय मुलीचा मुद्दा खोटा नाही. ती म्हणाली, "तुम्हा दोघांना गाडी जपायची आहे, मला चालवायची आहे." आणखी वेगात जायचं तर ११.४९ च्या आत नियमाने रोल बार लागतो, म्हणजे तिथे वेल्डिंग आलंच. आधीच गंजून गेलेली, इंजिन हरवलेली, कुणीतरी पूर्वीच कापलेली गाडी असती, तर मीच म्हणालो असतो, काप आणि फोर-लिंक घाल. फोर-लिंक वाईट नाहीच. बार कुठे टेकवायचे ते भोकं बदलून ठरवता येतं, ते पाट्यांना कधी जमणार नाही. पण ही गाडी तशी नाही. हिच्या मागच्या पत्र्यावर अजून कारखान्याचा रंग आहे आणि इंजिन गोधडीत वाट बघतंय.

परवा बापाने मला बाजूला घेऊन विचारलं, पुढच्या वर्षी तिने कापायचंच ठरवलं तर तू मदत करशील का. मी म्हटलं करीन, पण आधी अ‍ॅक्सल बदलून एक मोसम पळवू दे. त्याने मान हलवली आणि ग्राइंडरची नवीकोरी चकती पाकिटातून न काढताच वरच्या फळीवर ठेवून दिली.

बाबा, तुम्ही वाचत असाल तर: यू-बोल्ट शंभर मैलांनंतर पुन्हा ताणले. एक परत ढिला होता.