बाण का हलत नाही?

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी एका संगणकवर्गात नाव घातले. वाट्याला कोपऱ्यातला जुना संगणक आला. त्याच्या पाठीमागे माऊससाठी गोल पीएस/२ पोर्ट. हाती दिलेला माऊस मात्र यूएसबीचा. शिकवणाऱ्यांनी मध्ये एक छोटा हिरवा जोड बसवला. माऊस चपखल बसला, पण पडद्यावरचा बाण हलेना. "पहिल्यांदाच हात लावतोस ना? सवय नाही तुला," ते म्हणाले. वर्ग हसला. मी मान खाली घातली.

पुढे वाचल्यावर कळले की दोष माझ्या हाताचा नव्हता. तो जोड नुसत्या तारा जुळवतो, भाषांतर करीत नाही. ज्या माऊसला पीएस/२ ची भाषा मुळात येते, त्यालाच तो उपयोगी पडतो.

ही तक्रार जुनीच आहे. १९८० नंतरच्या दशकात पुष्कळ माऊस सिरियल पोर्टला जोडीत. मायक्रोसॉफ्ट पद्धतीचा माऊस हालचालीची खबर तीन बाइटांत देई, माऊस सिस्टिम्स पद्धतीचा पाच बाइटांत. पोर्ट तेच, पिना त्याच. पण ड्रायव्हर दुसऱ्या पद्धतीचा असला की बाण एक तर हलत नसे, नाहीतर भलतीकडेच उड्या मारी. कॉम १ आणि कॉम ३ यांना सहसा इंटरप्टची एकच ओळ असे. एकावर माऊस, दुसऱ्यावर मोडेम लावला की दोघांची भांडणे! १९८७ साली आयबीएमने पीएस/२ आणले, १९९६ साली यूएसबी आले. पोर्ट बदलत गेले, गोंधळ मात्र राहिला.

डॉसच्या काळातील एक व्यवस्था मला फार आवडली. बहुतेक प्रोग्राम पोर्टाशी थेट बोलत नसत. ते ड्रायव्हरला एका ठरलेल्या मार्गाने विचारीत, बाण कुठे आहे? माऊस कोणत्या पोर्टावर, कोणत्या पद्धतीचा, ही काळजी ड्रायव्हरची. म्हणजे समजून घेण्याचे ओझे मधल्या दुभाष्यावर होते.

मित्रहो, माझे म्हणणे एवढेच आहे. जोड बसला म्हणजे काम झाले असे समजू नये. आमच्यासारख्यांचे यादीत नाव लागते, बाकावर जागा मिळते. मग वर्गात आम्ही गप्प राहिलो की आम्हाला मठ्ठ ठरवले जाते. आमची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांच्यामध्ये कोणी उभे आहे का, हे आधी कोण पाहतो?

त्या संगणकाचे पुढे काय झाले? अडगळीतून खरा पीएस/२ माऊस सापडला. संगणक बंद करून तो जोडला, पुन्हा चालू केला, आणि बाण हलला. हात तोच होता.

तेव्हा गुरुजनांना एक विनंती आहे. संगणककक्षातील प्रत्येक जुन्या यंत्रावर, कोणत्या पोर्टाला कोणता माऊस चालतो, याची चिठ्ठी चिकटवावी. आणि कोणाचा बाण हलला नाही, तर हसण्यापूर्वी एकदा यंत्राच्या मागे वाकून पाहावे.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला