हँडब्रेक ढिला झाला? आधी चाक पाहा



दसरा झाला की आपल्या खानदेशात वाहनांची वर्दळ वाढते. कापूस जिनिंगकडे निघतो, रावेर-यावलच्या शिवारात केळीचे घड भरले जातात, लग्नसराई जवळ येते. पूर्वी दारात एक बैलगाडी असे. आज ट्रॅक्टर आहे, कुठे जुनी जीप, कुठे पिकअप, कुठे घरची मोटारही आहे. बैलाच्या खुराला काटा लागला तर आपण त्याच दिवशी पाहतो. गाडीच्या हँडब्रेककडे मात्र वर्ष वर्ष कोणी पाहत नाही.

याचे एक कारण आपल्या जमिनीत आहे. तापीकाठचा मुलूख सपाट. गाडी गियरमध्ये टाकून उतरले की ती जागची हलत नाही. त्यामुळे हँडब्रेक ढिला झाला आहे हे महिनोन् महिने कळत नाही. कळते ते चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना पुढची वाहने अडकली म्हणजे, धुळ्याजवळ लळिंगच्या चढावर, किंवा नदीच्या उतारावर भरलेली गाडी उभी केली म्हणजे. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

४ जुलै २०२३ ची घटना अनेकांना आठवत असेल. शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ मुंबई-आग्रा रस्त्यावर एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले आणि तो वाहनांना धडकून थेट हॉटेलात शिरला. अनेक माणसे दगावली. तो चालत्या गाडीच्या ब्रेकचा प्रश्न होता, हँडब्रेकचा नव्हे. पण ब्रेक गेलेले वजन उतारावर काय करते, हे त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याने पाहिले. उभी गाडी सुटली तर तिचेही तसेच होते, आणि तिच्यात तर सुकाणू धरायलाही कोणी नसते.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी सोडून जाताना इंजिन बंद करून ब्रेक लावला पाहिजे, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी तजवीज केली पाहिजे.

धुळे तालुक्यातल्या एका आप्पांनी मला आपली तक्रार अशी सांगितली, "साहेब, दांडी आभाळले लागस, पन गाडी काही थांबत नही." अशा वेळी बहुतेक जण काय करतात? दांडीखालचा नट आवळतात. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. मी त्यांना विचारले, "आप्पा, कपाशीचे पान पिवळे पडले तर तुम्ही पानाला औषध लावता, की मूळ पाहता?" ते हसले. हँडब्रेकचेही असेच आहे. दुखणे दांडीत दिसते, पण बहुधा त्याचे मूळ चाकात असते.

ते कसे, हे समजून घेऊ. पुष्कळशा मोटारींत आणि पिकअपमध्ये मागच्या चाकांत ड्रम असतो. ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात आणि त्यांवर लायनर असते. दांडी ओढली की तारेची केबल ताणते, शू फाकतात आणि ड्रमला आतून घट्ट टेकतात. रोजच्या वापराने लायनर झिजते, शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढते, आणि ते भरून काढायला दांडी अधिक वर ओढावी लागते. म्हणून आधी शूचे अंतर नीट करावे, केबल नंतर. केबलच आवळत राहिलात तर शू मोकळे सुटत नाहीत. चालत्या गाडीत ते घासत राहतात, ड्रम तापतो, लायनर जळते आणि डिझेलही जादा लागते.

पहिले काम तपासणीचे. दांडी सावकाश ओढा आणि खटके मोजा. साधारण चार ते सात-आठ खटक्यांत चाके धरली पाहिजेत. नेमका आकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, तोच प्रमाण मानावा. त्याहून जास्त खटके लागत असतील तर काम काढावे. दांडी अडकून न राहता आपोआप खाली पडत असेल तर तिचे दाते झिजले आहेत. ते घरी दुरुस्त होत नाहीत.

आता दुरुस्तीची रीत. ज्याला पान्याची सवय आहे त्यानेच हे करावे, बाकीच्यांनी वाचून मिस्त्रीजवळ उभे राहून करून घ्यावे. समजून करून घेतलेले काम निराळेच होते.

१) गाडी सपाट, टणक जागी उभी करा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावा. मगच गियर न्यूट्रल करून दांडी पूर्ण खाली सोडा.

२) मागची बाजू जॅकने उचला आणि भक्कम लोखंडी घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. ड्रम थंड होऊ द्या.

३) केबलचा नट ढिला करा. हा नट दांडीच्या बुडाशी किंवा गाडीच्या पोटाखाली असतो.

४) ड्रमच्या मागच्या पत्र्याला रबरी बूच लावलेले छिद्र असते. त्यातून स्क्रू-ड्रायव्हरने आतली दातेरी चकती फिरवा. चाक हाताने फिरवून पाहा. शू घासू लागले की चकती थोडी उलट फिरवून चाक मोकळे करा. दोन्ही चाकांना सारखेच करा. काही गाड्यांत हे अंतर आपोआप जुळते. तिथे पुस्तकात सांगितलेलीच रीत धरावी.

५) पायाचा ब्रेक चार-पाच वेळा दाबा, म्हणजे शू जागेवर बसतात.

६) आता केबलचा नट हळूहळू आवळा. ठरलेल्या खटक्यांत दोन्ही चाके सारखी धरली पाहिजेत. दांडी सोडल्यावर दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत. ही दुसरी परीक्षा विसरू नका. शेवटी लॉकनट घट्ट करा.

गाडी खाली घेतल्यावर थोड्या उताराच्या मोकळ्या जागी परीक्षा घ्या. चालक जागेवर बसलेला असावा, गाडीच्या पुढे-मागे कोणी उभे नसावे. दांडी ओढून पायाचा ब्रेक हळूच सोडा. मग पाच-सहा किलोमीटर चालवून आणा आणि ड्रमजवळ हात नेऊन पाहा, पण हात लावू नका. एकच ड्रम फार तापला असेल तर त्या बाजूचे शू घासत आहेत.

ड्रम उघडला तर आतली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा. लायनर झिजून रिव्हेट उघडे पडले असतील, आत तेल पाझरले असेल, केबलचे तंतू तुटले असतील किंवा एकच चाक धरत असेल, तर नुसत्या आवळण्याने काही होणार नाही. वस्तू बदलावी. मागे डिस्क ब्रेक असलेल्या किंवा बटणाने हँडब्रेक लागणाऱ्या नव्या गाड्या घरी उघडू नयेत. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांत नसून गियरबॉक्समागच्या शाफ्टवर असतो. अशा जीपचे एक मागचे चाक उचलले की हँडब्रेक लावूनही ती सरकू शकते. पंक्चर काढताना हे लक्षात ठेवा.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी निराळी. पुष्कळ ट्रॅक्टरांत पार्किंग ब्रेक म्हणजे दाबलेले पेडल तसेच धरून ठेवणारा खटका. म्हणजे पेडलच ढिले असतील तर खटका काय धरणार? डाव्या आणि उजव्या पेडलची मोकळी चाल पुस्तकाप्रमाणे आणि दोन्हीकडे सारखी ठेवावी. चिखलणी, नांगरणीत आपण वळताना एकेक ब्रेक वापरतो, म्हणून एक बाजू अधिक झिजते. रस्त्यावर निघताना दोन्ही पेडल पट्टीने जोडलेले आहेत का, हे पाहावे. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. भरलेल्या ट्रॉलीचे सगळे वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येते, आणि सोडून ठेवलेली ट्रॉली तर कशावरच उभी नसते.

म्हणून ब्रेक कितीही चांगला असो, उतारावर तीन गोष्टी कराव्यात. ब्रेक लावावा. इंजिन बंद करून गाडी गियरमध्ये ठेवावी. तोंड चढाकडे असेल तर पहिला गियर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. आणि चाकाला ठोकळा लावावा. त्यासाठी बाभळीचे दोन तिरपे ठोकळे करून गाडीतच ठेवावेत, ऐनवेळी दगड शोधत फिरू नये. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागा, गियर आणि ठोकळे यांवर ती ठेवावी. ओलीत हँडब्रेक ओढून ठेवला तर शू ड्रमला चिकटतात.

माय-भगिनींना एक सांगणे आहे. वेचणीच्या दिवसांत लहान मुले ट्रॉलीच्या सावलीत निजतात, उभ्या गाडीत चढून दांडीशी खेळतात. दांडीचे बटण दाबायला मुलाच्या अंगठ्याचे बळ पुरते. किल्ली काढून घ्यावी, दार लावावे, आणि मुलांना चाकापुढे-मागे बसू देऊ नये. सावली झाडाखालीही मिळते.

या कामाला एक दुपार लागते. पहिली ट्रॉली भरण्याआधी ती काढावी.