त्यांचं ऑफरोड, आपली पाणंद! सड्यावरच्या बाइक राइडचा हिशेब कोण मांडणार?

शनिवार-रविवार आला की साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उंच बाइकचे ताफे दिसू लागतात. पुढचं चाक मोठं, मडगार्ड चोचीसारखं वर, इंजिनाखाली पत्रा, चालवणाऱ्याच्या गुडघ्याला पॅड आणि छातीवर चिलखत. पूर्वी नंबरप्लेट एमएच १२ आणि १४ च्याच असायच्या. आता त्यात एमएच ११ आणि एमएच ५० सुद्धा असतात. म्हणजे ही काही फक्त पुण्या-मुंबईच्या पोरांची हौस राहिलेली नाही, आपल्या तालुक्यातली पोरंही त्यात आहेत.

डांबरी संपली की यांची खरी राइड सुरू होते. ऑफरोड म्हणजे रस्ता सोडून. पण नीट बघा, हे ताफे जातात कुठून? पाणंदीतून, शिवरस्त्यावरून, ओढ्यातल्या उतारातून, सड्यावरच्या गुरांच्या वाटेवरून. शहरातल्या माणसाला तो रस्ता नसेल. आपल्याकडे दूध, वैरण आणि शाळेतली पोरं त्याच वाटेने येतात-जातात. सगळा घोळ इथेच आहे.

आधी गाड्यांचं बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हे वेड स्वस्त झालं ते दोन गाड्यांमुळे. २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन आली आणि २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २००. त्याआधी अशी गाडी हवी तर परदेशी घ्यावी लागे किंवा साधी गाडी गॅरेजमध्ये वाढवून घ्यावी लागे. २०११ ची हिरोची इम्पल्स होती, पण ती फार चालली नाही. २०२० मध्ये केटीएमची ३९० अॅडव्हेंचर आली, जी आपल्या शेजारच्या चाकणमध्येच बनते. २०२३ च्या अखेरीस हिमालयन ४५० आली.

एक्सपल्स साधारण १६० किलोची, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. हिमालयन ४५० जवळपास १९६ किलोची, ताकद ४० हॉर्सपॉवर. आता आपली स्प्लेंडर घ्या. वजन ११२ किलोच्या आसपास, ताकद आठ, उंची १६५ मिलिमीटर. तरीही दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून ती रोज सकाळी त्याच चढावरून जाते! चालवणाऱ्याला कुणी रायडर म्हणत नाही, एवढंच.

थट्टा सोडली तर या आकड्यांमध्येच वाटेचं नुकसान दडलंय. स्प्लेंडरवाला चढावर क्लच सांभाळत हळू जातो, कारण चाक फिरलं तर दूध सांडतं. ४० हॉर्सपॉवरच्या गाडीवर थ्रॉटल पिळला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि माती उकरतं. टायरची नक्षी ट्रॅक्टरसारखी खोल असते. हिमालयन ४५० ला मागच्या चाकाचं एबीएस बंद करण्याची सोय आहे, म्हणजे उतारावर चाक लॉक करून गाडी घसरवत नेता येते. मातीत गाडी चालवायची तर ती सोय लागतेच, त्यात गैर काही नाही. पण वीस गाड्या एकामागून एक एकाच चाकोरीतून गेल्या की ती चाकोरी वीतभर खोल होते. मग पुढच्या पावसात पाणी बाजूच्या चरातून जात नाही, चाकोरीतून जातं. वाटेचा ओढा व्हायला एक पावसाळा पुरतो.

खरं सांगायचं तर पाणंदीचं सगळ्यात जास्त वाटोळं उसाच्या ट्रॉल्यांनी आणि जेसीबीने होतं, बाइकने नाही. पण ट्रॉली आपल्याच शिवारातली असते, वाट बिघडली की मुरूम टाकायला तोच शेतकरी वर्गणी देतो. ताफा रविवारी संध्याकाळी निघून जातो.

सड्याचं प्रकरण याहून नाजूक आहे. जांभ्या खडकावर मातीचा थर काही बोटांचाच असतो आणि पावसाळ्यातली सगळी फुलं त्यावर उगवतात. तो थर एकदा निघाला की खाली नुसता कातळ. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, तिथे वन विभाग आणि गावांच्या समितीने शुल्क, पार्किंग, माणसांची संख्या असे नियम घातले. पण सडे काही एकट्या कासला नाहीत. पाटण, जावळीत तसेच सडे आहेत, फक्त यादीत त्यांचं नाव नाही आणि दारात कुणी उभं नाही. पवनचक्क्यांसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांनी थेट माथ्यापर्यंत गाडी जाते, मग कोण अडवणार?

कायदा काय म्हणतो? कोयना अभयारण्यात किंवा राखीव वनात परवानगीशिवाय शिरलं तर गुन्हा आहे, तिथे वाद नाही. पाणंदीचं तसं नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतात, ती शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी. मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ खाली अडवलेली वाट मोकळी होते, तीही शेतीसाठीच. दोन भावांनी दहा वर्षं तारखा खाऊन मिळवलेली वाट कुणाच्या तरी मोबाइलवरच्या नकाशात ‘ट्रेल’ म्हणून टाकली जाते. ते बघून आलेल्या रायडरला हे माहीतही नसतं, त्याला दोष तरी किती द्यायचा?

शर्यत आणि राइड यातला फरकही लक्षात घ्यायला हवा. मोटरस्पोर्ट्स महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धेत रस्ता बंद करतात, परवानग्या घेतात, रुग्णवाहिका उभी असते. ग्रुप राइडला यातलं काहीच बंधन नाही. रायडरच्या विम्यातही एक फट आहे. गाडीच्या नुकसानीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी सहसा वगळलेली असते. त्यामुळे मित्रामित्रांत लावलेली पैज महागात पडू शकते.

अपघात झाला तर धावतं कोण? गावच. १०८ ची गाडी डांबरीपर्यंत येते, तिथपर्यंत माणूस झोळीत घालून आणायचा असतो. पोलीस मागे लागतील म्हणून मदतीला कचरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दावा किंवा खटला होत नाही. नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

मग बंदी घाला? मला ते पटत नाही. ताफ्यातली माणसं जेवतात, मुक्काम करतात, पंक्चर काढून घेतात. घाटमाथ्यावरच्या वाडीला तेवढाच हातभार. शिवाय बंदी घातली तरी राबवणार कोण, एकटा वनरक्षक? आणि गर्दी आता वाढतच जाणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. म्हणजे एक्सपल्ससारख्या गाड्या स्वस्त झाल्या, हिमालयन ४५० सारख्या महाग. हलक्या गाड्या वाढल्या तर वाटेसाठी तेही बरंच.

डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष याने कर्नाटकात कोलारजवळ खास मातीतल्या बाइकसाठी प्रशिक्षणाची जागा उभी केली. पैसे भरा, शिका, पडा, उठा, पण ठरलेल्या जागेत. आपल्याकडे बंद पडलेल्या खडी-मुरमाच्या खाणी काय कमी आहेत? त्या घसरगुंड्यांवर कितीही चाकं फिरवली तरी कुणाची वैरण अडत नाही. एखाद्या गावातल्या पोरांनी रीतसर परवानगी काढून असं काही सुरू केलं तर रविवारची कमाई गावातच राहील.

तोवर ग्रामपंचायतीला करता येईल अशी कामं साधी आहेत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा. कोणत्या वाटा खुल्या आणि कोणत्या फक्त शेतीच्या, ते ठरवून तशी पाटी लावायची. पावसाळ्यात आणि माती ओली असेपर्यंत सड्यावर गाडी नको, असा ठराव करून त्याची प्रत वन विभागाला आणि पोलीस ठाण्याला द्यायची. दहाच्या वर गाड्या असतील तर आधी फोन करावा आणि गावातला एक वाटाड्या मजुरी देऊन सोबत घ्यावा, अशी विनंती त्याच पाटीवर लिहायची. आणि पाटी लावायची ती डांबरी संपते तिथे, चावडीसमोर नाही. चावडीपर्यंत हे ताफे येतच नाहीत.