पावकी-निमकी गेली, हिशेब मात्र उरला

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुका, सुपे गावचा बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. पुढे गावोगावी हेच घडले, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी जमावाचा रोख एकाच वस्तूवर होता : कर्जरोखे. कागद हाती आला की तो जाळला जाई. त्या कागदाच्या भीतीचा एक धागा आजच्या पाचवी-सातवीच्या गणितापर्यंत येतो. (धागा)

२/ उठावाची कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, शेतसारा वाढला, कर्ज फुगले. परंतु कर्ज किती फुगले, हे ऋणकोला स्वतःला मोजता येत नसे. रोखा लिहिणारा दुसरा, वाचणारा दुसरा. शेतकऱ्याच्या वाट्याला केवळ अंगठा किंवा नांगराची निशाणी.

३/ उदाहरणादाखल : ५० रुपये कर्ज, व्याज दरमहा शेकडा सव्वादोन. महिन्याला १ रुपया २ आणे. ऐकायला किरकोळ. वर्षाअखेरीस मात्र साडेतेरा रुपये, म्हणजे मुद्दलाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक. हे तोंडी मांडता येणारा मनुष्य आणि न येणारा मनुष्य एकाच व्यवहारात समोरासमोर बसत. समता तेथेच संपे.

४/ मांडता येणारा हे कोठे शिकला? पंतोजींच्या शाळेत. तेथे पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचेही पाढे असत. पावकी म्हणजे पावपट, निमकी निमपट, पाऊणकी पाऊणपट. मग सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी. सातांची दीडपट साडेदहा, पाचांची सवापट सव्वासहा : उत्तर कागदाविना ओठांवर येई.

५/ अपूर्णांकांवर एवढा भर का? कारण मापेच तशी होती. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. शेराचे चार पावशेर. वस्तूचे दोन भाग, त्या भागाचे पुन्हा दोन : तराजूला सर्वांत सोपी कृती हीच. पाव आणि निम हे व्यापाऱ्याच्या हाताचे आकडे होते.

६/ ही परंपरा जुनी आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ साधारण ११५० सालची. तिच्या प्रारंभीच परिभाषा येते : २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. चार आणि सोळा! त्याच ग्रंथात प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशींवरून चौथी काढण्याचे त्रैराशिकही आहे. आजचे विद्यार्थी त्यालाच गुणोत्तर-प्रमाण म्हणतात.

७/ म्हणजे ज्ञान होते. प्रश्न वाटपाचा होता. पंतोजींच्या शाळेत प्रामुख्याने ब्राह्मण, कारकुनी पेशाची आणि व्यापारी घरांची मुले. मुली जवळजवळ नाहीत, अस्पृश्य मानलेल्यांना दार बंद. पावकी-निमकीच्या आठवणीने हळवे होताना हा इतिहास विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

८/ उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा मिळण्याची तरतूद त्यात होती. पण उतारा हाती पडला तरी तो पडताळणार कोण? कायद्याने कागद दिला. आकडे वाचण्याची शक्ती शाळाच देऊ शकत होती.

९/ जोतीराव फुले यांनी हे नेमके ओळखले. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करण्याची मागणी केली. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध लेखन-वाचनाच्या जोडीला त्यांनी हिशेब मागितला. शेतीचे प्राथमिक ज्ञानही मागितले. त्या मागणीत हिशेब हा स्वसंरक्षणाचा विषय आहे.

१०/ १ एप्रिल १९५७ : दशमान नाणी आली. रुपयाचे १०० नये पैसे. आणा झाला सव्वासहा पैशांचा, आणि सव्वासहाचे नाणे तर नाही. म्हणून १ आण्याचे ६, २ आण्यांचे १२, ३ आण्यांचे १९, ४ आण्यांचे २५ असा तक्ता वापरावा लागला. पुढे शेर-मण जाऊन किलो आले. पावकी-निमकीचा व्यवहारातील आधार सुटला आणि ती शाळेतूनही ओसरली.

११/ ते पाढे परत आणावेत काय? नाही. छडीच्या धाकाने पाठ केलेली औटकी आज कोणाचे भले करणार नाही, आणि दशमान पद्धतीने हिशेब सर्वांसाठी सोपा केला, हे निर्विवाद आहे. चूक निराळी झाली. पाढ्यांसोबत अपूर्णांकांचे व्यवहाराशी असलेले नातेही वर्गाबाहेर गेले.

१२/ आज अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, सरळव्याज असे सुटे धडे आहेत. तीन-चतुर्थांश लिहिणाऱ्या मुलाला तेच ‘पाऊण’ आहे, तेच ०.७५ आणि तेच ७५ टक्के आहे, हे अनेकदा कोणी सांगत नाही. वास्तविक पाव, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द घराघरांत जिवंत आहेत. मराठीने दिलेले हे भांडवल वर्गात पडून राहते.

१३/ ‘दरमहा फक्त दोन टक्के’ असे सांगून आजही कर्ज विकले जाते. वर्षाचे चोवीस होतात, हे ज्याच्या चटकन लक्षात येते तो थांबून विचार करतो. सातवीच्या सरळव्याजाचा धडा चार गुणांसाठी शिकवणे म्हणजे सुप्याच्या शेतकऱ्याला पुन्हा अंगठा पुढे करायला सांगणे होय.

१४/ त्याने कागद जाळला, कारण कागद तपासण्याचे गणित त्याच्यापर्यंत पोहोचू दिले गेले नव्हते. आज ते प्रत्येक मुलाच्या दप्तरात आहे. ते कशासाठी आहे, एवढे त्याला सांगणे बाकी आहे. (समाप्त)