मुक्ताईच्या मुलखात भुतांच्या गप्पा

हरिपाठ संपतो, टाळ पिशवीत जातात आणि मंदिराच्या ओट्यावर दुसरेच निरूपण सुरू होते. कालच्या भागात काय झाले? दारामागे उभी होती ती बाई जिवंत की मेलेली? 'आहट' 1995 पासून होतीच. 2016 साली 'रात्रीस खेळ चाले' आली, 2019 आणि 2021 मध्ये तिची पुढची पर्वे आली. नाईकांचा वाडा कोकणातला, पण अण्णा आणि शेवंता जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतही घरच्यासारखे झाले.

मालिका पाहू नये, असे म्हणणे नाही. दिवसभर रानात राबलेल्या माणसाने रात्री घटकाभर मन रमवले तर पांडुरंग रागावणार नाही. आक्षेप आहे तो त्या गप्पांना फुटणाऱ्या शेपटाला. पहिली पाच मिनिटे मालिकेची असतात. मग कोणीतरी म्हणते, "आपल्याकडेही असेच आहे." मग गावाबाहेरची विहीर निघते, अमावास्या निघते आणि शेवटी एका बाईचे नाव निघते. ती बहुधा विधवा असते, एकटी असते, नाहीतर तिच्या नावावर थोडी जमीन असते. सावकाराच्या बायकोने करणी केल्याचे कधी कोणी ऐकले आहे का?

आपल्या उत्तरेला सातपुडा आहे. तिथल्या पाड्यांवर 'डाकीण' ठरवून बायकांना मारले, गावाबाहेर काढले, त्यांचे जीवही घेतले. पाड्यावरच्यांना अडाणी म्हणून आपण हात झटकू नयेत. डाकीण हा शब्द त्यांचा, करणी हा आपला, भीती एकच. एखाद्यावर करणीचा, भूत लावल्याचा ठपका ठेवणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला. कायद्याला विरोध करणाऱ्यांत आपलेही काही लोक होते, हे विसरू नये. कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना त्यात स्पष्ट मोकळीक आहे. मग आपण कोणाला वाचवू पाहत होतो?

कोणी म्हणेल, नाथांच्या भारुडात भूत आहे, तुकोबांच्या अभंगातही आहे. आहेच. पण ते भूत म्हणजे विटेवरचा पांडुरंग. त्याने झडपलेला माणूस संसाराच्या भयातून सुटतो. संतांनी भीतीचा शब्द घेतला आणि त्यात प्रेम भरले. आपण ओट्यावर बसून ते प्रेम सांडतो आणि पुन्हा भीती भरतो.

आणि हे आपण कोठे बसून करतो? तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे मंदिर आहे. चौदाशे वर्षे जगलेले, वाघावर बसून फिरणारे योगी अशी त्यांची ख्याती. त्यांनी ज्ञानोबांना कोरे पत्र धाडले, तेव्हा इतकी वर्षे जगून हे कोरेच राहिले, असे मुक्ताई म्हणाली. पुढे तीच त्यांची गुरू झाली. सिद्धी आणि चमत्कारांचा निकाल एका मुलीने सातशे वर्षांपूर्वीच लावून टाकला आहे.

शके 1219 मध्ये ती तापीकाठी विजेच्या लखलखाटात गुप्त झाली, असे परंपरा सांगते. कोवळ्या वयात अशी अवचित गेलेली मुलगी मालिकावाल्यांच्या हाती लागती, तर त्यांनी तिची हडळ केली असती. आपण तिला आदिशक्ती म्हणतो, आई म्हणतो आणि तिची पालखी महिन्याहून अधिक चालत पंढरीला नेतो.

ती पालखी खांद्यावर घेणाऱ्याला दोन्हीकडे राहता येणार नाही. ओट्यावर कोणा बाईचे नाव निघाले, की तिथेच विचारावे, "तू पाहिलेस काय?" आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारी जावे, माऊली म्हणून तिच्या पायाला हात लावावा आणि तिच्या घरचे पाणी प्यावे. गावाने ते पाहावे.

रामकृष्ण हरी.