ही साखर निष्क्रिय कशी?

विद्यार्थी मित्रहो, २०२१ साली 'काळी बुरशी' हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. तिच्यावरील एक प्रमुख औषध म्हणजे लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. त्याच्या 'अँबिसोम' या मूळ बनावटीच्या कुपीत औषध असते ५० मिलिग्रॅम आणि साखर, होय, आपल्या चहात पडते तीच साखर, सुमारे ९०० मिलिग्रॅम. अठरा पट! तरीही औषधनिर्मितीच्या भाषेत अशा घटकाला 'निष्क्रिय' म्हणतात. साखर बुरशीला मारत नाही, हे खरे. पण पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द पटणे कठीण आहे.

हे औषध मूत्रपिंडांना फार जाचते. मेदाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांच्या भिंतीत ते बसवले की त्रास बराच कमी होतो. या पिशव्यांना लायपोसोम म्हणतात. इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात त्या ओळखल्या. अँबिसोममधील पिशवीचा व्यास १०० नॅनोमीटरहूनही कमी असतो. पाण्यात फार दिवस ठेवल्यास पिशव्या बिघडतात, म्हणून त्या गोठवून वाळवतात. पाण्याचा बर्फ करून दाब पाऱ्याच्या ४.६ मिलिमीटरखाली नेला, की बर्फाची थेट वाफ होते. म्हणजे तुम्ही शिकता तेच संप्लवन, फक्त कापराऐवजी बर्फाचे.

पण पाणी गेले की पिशवीचे हाल सुरू होतात. भिंतीतील मेदरेणूंची डोकी पाण्याच्या रेणूंमुळे एकमेकांपासून अंतर राखून असतात. पाणी निघताच ती दाटीवाटीने जवळ येतात आणि भिंत ताठरते. पुन्हा पाणी घातल्यावर ती सैल होताना गळते. शेजारच्या पिशव्या एकमेकींत मिसळतात, ते वेगळेच.

येथे साखर उपयोगी पडते. ती नेमके काय करते, यावर दोन मते मांडली गेली. अमेरिकेतील जॉन व लोइस क्रो या दांपत्याने १९८०च्या दशकात ट्रेहॅलोज या साखरेवर काम करून दाखवले, की साखरेचे रेणू मेदाच्या डोक्यांपाशी पाण्याची जागा घेतात. दुसरे मत असे, की वाळताना साखरेची काच बनते आणि पिशव्या तीत जागच्या जागी अडकून पडतात. मला विचाराल तर हा वाद 'हे की ते' असा नाहीच. डेक्स्ट्रानची काच उत्तम होते, पण त्याचे अवजड रेणू डोक्यांमध्ये शिरू शकत नाहीत आणि पिशव्या गळतात. ग्लुकोज आत शिरते, पण त्याची काच उन्हाळ्याच्या तापमानालाच मऊ पडते. सुक्रोज आणि ट्रेहॅलोज दोन्ही कामे करतात. मात्र साखर पिशवीच्या आतही हवी आणि बाहेरही.

आता शिक्षकांना एक विनंती. आपल्या वर्गात काच म्हटले की वाळूची, आणि तेथेच धडा संपतो. रेणू द्रवासारखे विस्कळीत, पण जागचे हलू न शकणारे, अशी काच साखरेचीही होते, हे आठवीच्या मुलांना सहज कळेल. लिमलेटची गोळी हे तिचे उदाहरण. (परीक्षेला येत नाही, ही सबब नको!)

मित्रहो, पावसाळ्यात अशा दोन गोळ्या घ्या. एक घट्ट झाकणाच्या कोरड्या बाटलीत ठेवा, दुसरी उघड्या बशीत. बशीतली चिकट होईल, कारण हवेतील बाष्प शोषले की साखरेची काच मऊ पडते. औषधाच्या कुपीत ओलावा शिरू नये म्हणून एवढी काळजी का घेतात, ते मग तुम्हीच वर्गात सांगा.